खालचं बाथरूम

४ जानेवारी, रविवार

राहायला आलो. चमच्यांचं खोकं सापडेना, म्हणून नव्या घरातला पहिला चहा स्क्रूड्रायव्हरने ढवळला. बायको म्हणाली, "लिफ्टवाल्याच्या घरात आणखी काय होणार!"

एका रांगेतली सारखीच घरं, त्यातलं आमचं मधलं. वर दोन खोल्या आणि एक बाथरूम, आम्हा दोघांना आणि लेकीला. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि आईची खोली. तिच्या खोलीला लागूनच तिचं वेगळं बाथरूम. तिचे गुडघे गेलेत, जिना तिच्याच्याने होत नाही. जुन्या जागेत चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता, जन्मभर तिने तिथे रांगा लावल्या. आज मी तिला दार उघडून दाखवलं, दिवा लावून दाखवला, भिंतीतली धरायची दांडी गदागदा हलवून दाखवली. ती उंबऱ्यातच उभी राहून बघत होती.

"एवढं सगळं माझ्या एकटीला?" म्हणाली.

"मग? राणी आहेस या घराची," मी म्हटलं.

११ जानेवारी

खालचा कमोड नीट ओढत नाही. पाणी फिरतं, रेंगाळतं, मग गुळण्या केल्यासारखा आवाज करत जातं. शिवाय वास. बायको सुगंधी वड्या घेऊन आली, त्याने आता दोन वास येतात.

घरातले दोष इथे लिहून ठेवायचे ठरवलं आहे. लिफ्टच्या दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं. बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे, हे मी नव्या पोरांना कायम सांगतो. शांत डोक्याने, एकेक शक्यता खोडत गेलं की तो सापडतोच.

१४ जानेवारी

प्लंबर आला. लांब स्प्रिंग घालून बराच वेळ फिरवली. काही निघालं नाही. हात पुसत म्हणाला, "घरात वयस्कर माणूस आहे ना? कापूस, कापडाचे तुकडे टाकतात बघा. मग सांगत नाहीत."

जेवायला सगळे बसले होते, तेव्हाच आईला विचारलं. "आई, तू कमोडमध्ये काही टाकतेस का? फडकं वगैरे?"

तिने हातातला घास ताटात ठेवला. "नाही रे बाळा."

"नीट आठवून बघ. रागावणार नाही कुणी."

"माझं डोकं आहे अजून ठिकाणावर."

लेक फिस्सकन हसली. मलाही हसू आलं. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. कशासाठी ते कळलं नाही. विचारल्याशिवाय दोष सापडत नसतो.

आई नंतर फारशी जेवली नाही. नवी जागा, वेळ लागणारच.

१९ जानेवारी

आईने दिवसातून दोनदा, कधी तीनदा आंघोळ करायचं नवीनच काढलं आहे. आज कामावरून आलो तर मागच्या दोरीवर तिचेच गाऊन वाळत होते, ओळीने. "एवढं काय धुतेस?" विचारलं तर म्हणे, "उकडतं रे." सध्या आम्ही पंखासुद्धा लावत नाही.

आणखी एक सवय. सारखी जिन्याखाली येऊन हाक मारते, "वर कोणी आहे का?" लेक म्हणते, "आहे ना आजी, का गं?" तर म्हणते, "काही नाही, सहज." एकटं वाटत असेल. मी लेकीला बजावलं आहे, जाता येता आजीशी दोन शब्द बोलत जा.

२५ जानेवारी, रविवार

बिल्डरचा सुपरवायझर आला. बाहेरच्या चेंबरचं झाकण दोघांनी मिळून उघडलं. आत लख्ख. पाणी सुरळीत वाहत होतं. म्हणजे बाहेर तुंबलेलं नाही. एक शक्यता खोडली.

"नवीन घर आहे साहेब, बसायला वेळ घेतं," तो म्हणाला.

"घर बसतं की तुम्ही बसवता?" मी म्हटलं. हसला. निर्लज्ज माणूस.

आई अंगणात खुर्ची टाकून आमचं सगळं बघत होती. मध्येच म्हणाली, "ते वरून पाणी सोडलं ना, की खालून उलटं येतं रे."

मी तिच्याकडे वळलो. "उलटं म्हणजे? भरून येतं? किती वर येतं?"

तिने सुपरवायझरकडे पाहिलं. तो चेंबरच्या कडेला बसून आमच्याकडेच बघत होता.

"काही नाही," ती म्हणाली आणि पदर नीट केल्यासारखं गाऊनचा गळा नीट केला.

सांगायचं तर नीट सांगावं. अर्धवट माहितीने गोंधळ वाढतो.

३ फेब्रुवारी

चांगली गोष्ट पण लिहावी. आईला मैत्रीण मिळाली. शेजारच्या काकू. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा तरी त्यांच्याकडे जाऊन येते. काठी टेकत, हळूहळू, पण जाते. संध्याकाळी काकू फाटकाशी भेटल्या तेव्हा मी म्हटलं, "आमची आई त्रास देत नाही ना?"

"छे हो! येतात, थोडा वेळ बसतात. मलाही बरं वाटतं." मग जरा थांबून विचारलं, "तुमचं ते बाथरूमचं काम झालं का हो?"

मी त्यांना स्प्रिंगपासून चेंबरपर्यंत सगळं सांगितलं. बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "लवकर करून घ्या," एवढंच म्हणाल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!

आईला बैठकीत बसवलं आणि तिच्या बाथरूमचा ताबा घेतला. बायकोला वर उभं केलं, मी खाली कमोडसमोर गुडघ्यांवर, हातात बॅटरी. ओरडून सांगितलं, "फ्लश कर, लगेच वरून बादली ओत!"

आधी काहीच झालं नाही. मग भिंतीत काहीतरी घरंगळत खाली आलं, खालच्या कमोडमधलं पाणी थरथरलं आणि एकदम बुडबुडा फुटून उसळलं. चष्म्यावर, गालावर, शर्टावर. त्यानंतर तेच पाणी खाली खाली ओढलं गेलं आणि वळणात जेमतेम ओलसरपणा उरला. मागोमाग वासाचा भपकारा.

तोंड दोनदा साबणाने धुतलं, शर्ट बदलला, चष्मा उकळत्या पाण्यात बुडवला. तरी दिवसभर अंगाला काहीतरी लागलेलं आहे असंच वाटत राहिलं. जेवणावर वासना होईना.

पण दोष सापडला. पाण्याची बाटली उपडी केली की पाणी गटगट करत पडतं, कारण हवेला आत यायला दुसरी वाट नसते. आमच्या पाइपाचं तेच झालंय. वरचं पाणी खाली येताना पुढची हवा रेटतं. तिला कुठून तरी सुटायचं असतं, ती खालच्या कमोडमधून सुटते. पाणी पुढे गेलं की मागे पोकळी होते, ती कमोडमधलं पाणी शोषून घेते. ते पाणीच गटाराचा वास अडवून धरत असतं, म्हणून वास. सगळं एका कारणात बसलं! पाइपाचं वरचं तोंड गच्चीवर उघडं असायला हवं. ते नसणार.

गच्चीवर गेलो. रांगेतल्या प्रत्येक घराच्या गच्चीवर कोपऱ्यात एक पाइप उभा, डोक्यावर जाळीची टोपी. आमच्या कोपऱ्यात पाण्याची दुसरी टाकी आहे, सिमेंटच्या ओट्यावर. पाइप त्या ओट्याखाली गाडलेला असणार.

खाली येऊन आईला सगळं समजावून सांगितलं, बाटलीने करूनही दाखवलं. तिने लक्ष देऊन पाहिलं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही ना?" तिने विचारलं.

"तुझा काय संबंध!" मी म्हटलं.

९ फेब्रुवारी

बिल्डरला फोन. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो म्हणाला.

१७ फेब्रुवारी

माणूस नाही. फोन केला तर साहेब साइटवर.

बायकोने तोडगा काढला: काम होईपर्यंत खाली आईंना विचारल्याशिवाय वर कुणी फ्लश करायचा नाही. दोन दिवस पाळलं. जिन्यातून लेक ओरडायची, "आजी, तू आत आहेस का गं?" आणि आई बाथरूममधून ओरडायची, "आहे गं, थांब!" दारातून पेपरवाला ऐकतोय, दूधवाला ऐकतोय. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "नका रे असं पुकारू. तुमची सकाळची घाई असते. मी बघेन माझं." बरं झालं. कारण लेक विसरतच होती. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

१९ फेब्रुवारी

काकू मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. दोन महिने तरी येणार नाहीत. घराला कुलूप.

आई आज सकाळी चपला घालून दारातल्या खुर्चीत बसून होती, त्या कुलपाकडे बघत. मैत्रीण गेल्याचं तिने फारच मनाला लावून घेतलं. मी म्हटलं, "येतील गं परत." तिने मान हलवली.

दुपारचा चहा नको म्हणाली. जन्मात पहिल्यांदा.

२३ फेब्रुवारी

बायको म्हणते आई पाणी पीत नाहीत. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो. मी आईला दम दिला. "साखरेच्या गोळ्या घेतेस, पाणी नको का प्यायला? लहान मूल आहेस का?"

"पिते रे."

"कधी? तांब्या तर भरलेला आहे."

"वय झालं की तहान कमी होते."

हे मात्र मी कुठेतरी वाचलं होतं. समोर उभं राहून अर्धा पेला प्यायला लावला. प्यायली, पण चेहरा असा केला की मी विषच दिलंय. मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. म्हातारपणी माणसं हट्टी होतात.

२५ फेब्रुवारी

अखेर बिल्डरचा माणूस आला. ओटा फोडायचा तर टाकी रिकामी करून हलवावी लागेल म्हणे, गवंडी वेगळा, प्लंबर वेगळा. वर मलाच विचारतो, "पण साहेब, फ्लश तर होतोय ना?"

मी आवाज चढवला. आयुष्यात कुणाची गचांडी धरली नाही, आज धरायची राहिली. "लिफ्ट वर जाते म्हणून ब्रेक नको का?" मी म्हटलं. तो म्हणाला मंगळवारी गवंडी पाठवतो, नक्की.

आई दार लावून झोपली होती. ती आता दिवसाही बराच वेळ झोपते.

२ मार्च, सोमवार

उद्या गवंडी येणार. टाकी आजच रिकामी केली. वरच्या नळांना सकाळपासून पाणी नाही, सगळ्यांची चिडचिड.

आई आज मला "दादा" म्हणाली. दादा म्हणजे तिचा भाऊ, जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी म्हटलं, "आई, मी आहे." ती म्हणाली, "हो रे, माहीत आहे," पण थोड्या वेळाने पुन्हा तेच. अंग जरा कोमट वाटलं. बायको म्हणाली आत्ताच डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, उद्या गवंडी सकाळीच यायचाय, मी घरात नसलो तर तो निघून जाईल आणि पुन्हा महिनाभर तोंड दाखवणार नाही. उद्या काम उरकलं की लगेच जाऊ.

तिने आईच्या कपाळावर ओली घडी ठेवली.

६ मार्च

मंगळवारी सकाळी आई बाथरूमच्या दारात पडलेली सापडली. शुद्ध नव्हती. तेव्हापासून दवाखान्यात.

गवंडी येऊन गेला असं लेकीला पलीकडच्या घरून कळलं. घराला कुलूप बघून परत गेला.

७ मार्च

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण सरळ बोलतात. लघवीचा जंतुसंसर्ग, तो रक्तात पसरला. शरीरात पाणीच नव्हतं. मूत्रपिंडं साखरेने आधीच थकलेली होती, ती आता बंद पडली आहेत. मशिनवर रक्त शुद्ध करावं लागेल.

"पाणी कमी प्यायच्या का?"

"हो. वय झालं की तहान कमी होते ना," मी म्हटलं.

"लघवी रोखून धरायच्या का? बाथरूमला जायचं टाळायच्या?"

"नाही, बाथरूम तर खोलीला लागूनच आहे. अगदी चार पावलांवर."

बायको उठून बाहेर गेली. मी गेलो तर पॅसेजच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, "ते गाऊन. रोज धुतलेले ते गाऊन आठवतात का तुम्हाला?"

८ मार्च

ताई पहाटेच्या गाडीने आली. थोरली बहीण, सरळ माझ्यावर उखडेल असं वाटलं होतं. उखडली नाही. आईचा हात हातात घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "मला फोनवर म्हणाली होती. घर फार सुंदर आहे, फक्त बाथरूमची भीती वाटते. मला वाटलं घसरायची भीती. मी म्हटलं, रबरी चटई टाकायला सांग त्याला."

चटई मी टाकली होती. निळी.

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला, कुणाकडून तरी त्यांना कळलं. बोलता बोलता रडायलाच लागल्या. "मी किल्ली ठेवून जायला हवी होती हो. त्या आमच्याकडे बाथरूमलाच यायच्या. एकदा घरी कमोडवर बसलेल्या असताना खालून सगळं अंगावर उडालं त्यांच्या. पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. मला शपथ घातली होती, लेकाला सांगू नका, त्याने एवढ्या हौसेने घर केलंय, आणि त्याला वाटतं मीच काहीतरी टाकते."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." फोन ठेवला. मग पॅसेजमधल्या बाकावर बसलो. समोर लिफ्ट होती. वर जायची, खाली यायची. तिसऱ्या मजल्यावर थांबताना किंचित झटका देते. मी तेवढंच बघत राहिलो.

१२ मार्च

गवंडी आला. ओटा फोडला. पाइप ओट्याखालीच होता, छाटलेला, तोंडात सिमेंटची रिकामी गोणी बोळा करून कोंबलेली आणि वरून गिलावा. बांधकामाचा कचरा आत पडू नये म्हणून कुणीतरी कोंबली असेल, मग ओटा घालणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल. गोणी ओढून काढली तेव्हा पाइपाने मोठा श्वास घेतल्यासारखी हवा आत ओढली. प्लंबरने पाइप उंच केला, वर जाळीची टोपी बसवली. सगळं मिळून एका दुपारचं काम.

खाली येऊन मी पुन्हा तिथेच गुडघ्यांवर बसलो. बायकोने वर फ्लश केला, बादली ओतली. पाणी हललंसुद्धा नाही.

"पुन्हा," मी म्हटलं.

तिने पुन्हा ओतली. पुन्हा म्हटलं. कितीदा ते माहीत नाही. शेवटी ती खाली आली, माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि विझवली.

"झालं आता. उठा," म्हणाली.

१५ मार्च

आईला शुद्ध आहे. बोलते. मला माझ्या नावाने हाक मारते. पाय मात्र उभे राहत नाहीत. आठवड्यातून तीनदा मशिनवर.

मी तिला काहीतरी सांगायचं म्हणून आज ठरवून गेलो होतो. तिच्याजवळ बसलो. "आई, मी त्या दिवशी जेवताना..." एवढं म्हटलं. तिने माझ्या शर्टाचं उसवलेलं बटण चाचपलं. "सुनेला सांग, पडेल हे."

२२ मार्च

आईला घरी आणलं. चाकाच्या खुर्चीतून. ताई राहिली आहे आठवडाभर.

तिला बाथरूमच्या दारापाशी नेलं. वर लेक तयार होतीच. मी खूण केली, तिने फ्लश केला. आई कमोडकडे एकटक बघत होती, खुर्चीचे हात घट्ट धरून. भिंतीतून पाणी गेल्याचा आवाज आला. कमोडमधलं पाणी जिथल्या तिथे.

"बघ," मी म्हटलं.

"छान झालं रे," आई म्हणाली. "आता तुम्हाला त्रास नाही."

तिला आता तिथे जायची गरजच पडत नाही. लघवी जवळजवळ होतच नाही.

२९ मार्च

डॉक्टरीणबाईंनी पाणी मोजून द्यायला सांगितलं आहे. मूत्रपिंडं बंद, प्यायलेलं पाणी बाहेर जात नाही. ते अंगात साठतं, फुप्फुसात जातं. दिवसाला एक छोटी बाटली, त्यातच चहा, त्यातच औषधाचा घोट. बायको सकाळी बाटली भरून आईच्या खोलीतल्या फळीवर ठेवते.

आज दुपारी ताई आणि बायको बाजारात गेल्या होत्या, मी आईपाशी होतो. तिचे ओठ सुकले होते. म्हणाली, "पाणी दे."

बाटलीत तळाशी उरलं होतं, संध्याकाळच्या गोळ्यांपुरतं. त्यातलंच थोडं वाटीत ओतून दिलं. तिने एका घोटात संपवलं आणि वाटी पुढे केली.

"अजून."

"नाही गं आई. डॉक्टरांनी सांगितलंय."

ती हसली. लहानपणी मी काही लपवलं की हसायची तशी.

"अरे, दे की. आता कशाची भीती आहे? पाइप तर केलास ना तू नीट."

मी नाही म्हटलं. तिने वाटी हातातून सोडली नाही. ताई येईपर्यंत ती तशीच पुढे धरून बसली होती.